संतपदाचा खटला

इतिहासाच्या तासाला विद्यार्थी जे प्रश्न विचारतात त्यांतले बरेचसे परीक्षेपुरते असतात. 'सर, हे येईल का?' हा त्यांतला मुख्य. पण काही वर्षांपूर्वी मी पोर्तुगीजांच्या वसईविषयी शिकवीत असताना मागच्या बाकावरच्या एका वसईकर मुलाने निराळाच प्रश्न केला. तो म्हणाला, "सर, आमच्या गोन्सालो गार्सियाला जपानात क्रुसावर मारले ते १५९७ साली. रोमने त्याला संत म्हटले १८६२ साली. मग मधली २६५ वर्षे तो कोण होता?"

वर्गात हशा पिकला. मीही हसलो आणि 'पुढच्या तासाला सांगतो' म्हणून वेळ मारून नेली. पण घरी आल्यावर तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. कारण तो दिसतो तेवढा पोरकट नाही. माणूस मेला त्या दिवशी संत होता की नाही? असेल, तर इतकी वर्षे थांबायचे कशाला? आणि नसेल, तर कागदावर शिक्का उमटल्याने तो संत झाला कसा? या प्रश्नाचा माग काढता काढता मी कॅथॉलिक पंथाच्या एका विलक्षण कचेरीच्या दारात जाऊन पोचलो. आजचे भाषण त्या कचेरीविषयी आहे.

आपल्याकडे 'संत' हा शब्द घरातला आहे. ज्ञानोबांना संत कोणी ठरविले? तुकोबांच्या नावाने कोणत्या सभेने ठराव केला? कोणीही नाही. लोक त्यांचे अभंग गात राहिले, पालख्या निघत राहिल्या, आणि त्या गाण्यात आणि चालण्यातच त्यांचे संतपण सिद्ध होत गेले. त्यामुळे संतपदासाठी अर्ज, साक्षी, पुरावे, उलटतपासणी असले काही असते हे ऐकले की आपल्याला प्रथम थोडे हसूच येते. पण गंमत अशी की, ख्रिस्ती जगातही पहिली हजार वर्षे प्रकार जवळजवळ आपल्यासारखाच होता.

रोमन बादशहांच्या अमदानीत ख्रिस्ती लोकांचा छळ झाला. धर्म सोडण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्यास ते 'रक्तसाक्षी' म्हणत, म्हणजे आपल्या रक्ताने साक्ष देणारा. दुसऱ्या शतकात स्मर्ना शहरी पॉलिकार्प नावाच्या वृद्ध बिशपाला जाळण्यात आले, तेव्हा तेथील लोकांनी त्याची हाडे गोळा करून ठेवली आणि दर वर्षी त्या दिवशी एकत्र जमण्याचे ठरविले. मृत्यूच्या त्या दिवसाला ते 'जन्मदिवस' म्हणत. पुढे छळ थांबला, आणि मग सचोटीने जगलेले वैरागी, बिशप, विधवा, राजे यांच्या थडग्यांपाशीही लोक जमू लागले. गावच्या बिशपाने संमती दिली, अवशेष उचलून वेदीखाली ठेवले, की तो माणूस त्या गावचा संत झाला. रोमला विचारण्याची कोणाला गरज वाटत नसे.

मग अडचण कोठे आली? लोकप्रेम आंधळेही असू शकते, तेथे आली. बाराव्या शतकात पोप तिसरा अलेक्झांडर याच्या कानावर एक चमत्कारिक गोष्ट गेली. स्वीडनमध्ये कोणी एक मनुष्य दारूच्या नशेत मारला गेला होता आणि लोक त्याला रक्तसाक्षी समजून भजू लागले होते! पोपने स्वीडनच्या राजाला खरमरीत पत्र लिहिले. त्याचा मथितार्थ असा, की त्या माणसाच्या नावाने चमत्कार घडत असले, तरीही रोमच्या धर्मपीठाच्या अधिकारावाचून त्याला संत म्हणून भजण्याची तुम्हांला मुभा नाही. १२३४ साली नववा ग्रेगरी याने या पत्रातला भाग धर्मपीठाच्या कायद्यांच्या संग्रहात घातला, आणि संत ठरविण्याचा अधिकार गावाच्या हातून निघून रोमच्या हाती गेला. तसे पाहिले, तर ९९३ सालीच जर्मनीतील आउग्सबुर्गचा बिशप उलरिख याला पोपने संत म्हणून जाहीर केले होते. पोपच्या हातून झालेली ही पहिली ज्ञात घोषणा. पण ९९३ साली जे कौतुकाचे होते ते १२३४ नंतर सक्तीचे झाले.

येथे एक मुद्दा नीट ध्यानात घ्यायला हवा. पोप एखाद्याला संत 'करतो' असे कॅथॉलिक धर्मशास्त्र म्हणत नाही. संत करणारा देव. पोप फक्त जाहीर करतो की हा मनुष्य देवापाशी आहे आणि त्याचे अनुकरण करण्यास हरकत नाही. म्हणजे न्यायाधीश निकाल देतो तेव्हा घडलेली गोष्ट नव्याने घडवीत नाही, जे घडले ते कोणते एवढेच सांगतो, तसेच हे. आणि निकाल द्यायचा म्हटला, की खटला आलाच.

हा खटला खऱ्या अर्थाने उभा राहिला तो सोळाव्या-सतराव्या शतकांत. युरोपात प्रॉटेस्टंट सुधारकांनी संतपूजेवर टीकेचा भडिमार केला होता. संतांच्या नावावर खपणाऱ्या भाकडकथांची ते यथेच्छ टर उडवीत. त्याला उत्तर म्हणून म्हणा, की स्वतःच्याच घराची साफसफाई म्हणून म्हणा, १५८८ साली पोप पाचवा सिक्स्टस याने या कामासाठी कार्डिनलांचे एक कायम खाते नेमले. पुढे आठवा अर्बन याने १६२५ आणि १६३४ या साली कडक नियम घातले. रोमने मान्यता देण्याआधी कोणाच्या थडग्यावर दिवे लावायचे नाहीत, चित्रात त्याच्या डोक्यामागे प्रभावळ काढायची नाही, त्याच्या नावाने उत्सव करायचा नाही. एवढेच नव्हे, तर असा उत्सव आजवर केला नाही याचा पुरावा आणल्याशिवाय प्रकरण पुढे सरकायचे नाही. लोकांचे प्रेम तर हवे, पण त्या प्रेमाने शिस्त सोडलेली नको, अशी ही कसरत होती.

या न्यायालयात एक अधिकारी असे. त्याचे खरे नाव 'श्रद्धेचा रक्षक', पण जगात तो प्रसिद्ध झाला 'सैतानाचा वकील' म्हणून. त्याचे काम एकच: उमेदवाराविरुद्ध जे जे म्हणता येईल ते सारे शोधून काढून मांडायचे. हा माणूस रागीट होता काय? त्याने पैशाचा हिशेब चोख ठेवला होता काय? बरा झालेला रोगी औषधाने तर बरा झाला नाही? साक्षीदार नात्यातला तर नाही? प्रोस्पेरो लाम्बेर्तिनी नावाच्या विद्वान कायदेपंडिताने १७०८ पासून वीस वर्षे हे काम केले. त्या अनुभवावर त्याने एक प्रचंड ग्रंथ लिहिला आणि पुढे १७४० साली तो स्वतःच चौदावा बेनेडिक्ट या नावाने पोप झाला. संतांविरुद्ध वीस वर्षे वकिली केलेला माणूस धर्मपीठावर बसला, यातच त्या खात्याची प्रतिष्ठा दिसते.

लाम्बेर्तिनीने चमत्कारासाठी ज्या कसोट्या लावल्या त्या आजही मुळात तशाच आहेत. रोग गंभीर असला पाहिजे. तो आपोआप बरा होण्याच्या बेतात असता कामा नये. गुण येण्यासारखे औषध दिलेले नसावे. बरे होणे अचानक हवे, पूर्ण हवे आणि टिकाऊ हवे. १९४८ पासून यासाठी डॉक्टरांचे स्वतंत्र मंडळ आहे. हे मंडळ 'चमत्कार झाला' असे कधीही म्हणत नाही. 'आजच्या वैद्यकशास्त्राला याचे कारण सांगता येत नाही' एवढेच ते म्हणते. पुढचे ठरविणे धर्मशास्त्रज्ञांचे. २०१६ साली नियम आणखी आवळले गेले. सात डॉक्टरांच्या मंडळात निदान पाचांचे एकमत लागते.

आता प्रकरणाचा आजचा प्रवास थोडक्यात सांगतो. माणूस मेल्यावर निदान पाच वर्षे जावी लागतात. भावनेचा पहिला पूर ओसरावा हा हेतू. मग तो जेथे वारला तेथील बिशप चौकशी सुरू करतो. येथे त्याला 'देवाचा सेवक' म्हणतात. त्याचे सारे लेखन, पत्रे तपासतात, साक्षी घेतात, इतिहासाच्या जाणकारांकडून कागद धुंडाळून घेतात. सारे दप्तर सीलबंद होऊन रोमला जाते. त्यावरून एक जाडजूड ग्रंथ तयार होतो; धर्मशास्त्रज्ञ आणि कार्डिनल त्यावर मते देतात. पोपने मान्य केले की तो 'पूजनीय'. एक चमत्कार सिद्ध झाला की तो 'धन्य', आणि धन्य झाल्यानंतरचा आणखी एक सिद्ध झाला की 'संत'. रक्तसाक्षी असेल, तर धन्यपदासाठी चमत्कार लागत नाही. त्याचे मरण हाच पुरावा.

धन्यपद आणि संतपद यांत फरक काय? तर धन्यपद ही परवानगी आहे. अमुक एका प्रांताने, अमुक एका संघाने याला भजावे, चालेल. संतपद हा साऱ्या जगासाठी दिलेला निर्णय आहे. हा फरक ध्यानात ठेवा. कारण आपल्या वसईकराची २६५ वर्षे याच फटीत अडकली होती.

आता त्याच्याकडे वळू. गोन्सालो गार्सिया १५५६च्या सुमारास वसईस जन्मला. वसई तेव्हा पोर्तुगीजांची; १५३४ पासून त्यांच्याकडे होती. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. किल्ल्यातल्या जेझुइट पाद्र्यांकडे तो शिकला आणि पंधरा-सोळा वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर जपानला गेला. तेथे जपानी भाषा त्याने अशी आत्मसात केली, की तीच पुढे त्याचे भाग्य ठरली. जेझुइट संघात शिरण्याची त्याची इच्छा होती, पण ती काही फळाला आली नाही. मग त्याने व्यापार केला, त्यात चांगला जम बसविला आणि अखेर तोही सोडून मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात साधा ब्रदर म्हणून दाखल झाला. ब्रदर म्हणजे पाद्री नव्हे. मिस्सा म्हणण्याचा अधिकार त्याला नव्हता.

१५९३ साली मनिलाहून फ्रान्सिस्कनांचे एक शिष्टमंडळ जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे गेले. त्यांचा प्रमुख पेद्रो बाप्तिस्ता हा स्पॅनिश; त्याला जपानी येत नव्हते. दुभाष्या होता आपला गोन्सालो. म्हणजे जपानचा सर्वाधिकारी आणि स्पेनचा साम्राज्यवाद समोरासमोर बसले आहेत, आणि दोघांमधला शब्द न् शब्द एका वसईकराच्या तोंडून जातो आहे! हिदेयोशीने त्यांना राहू दिले. क्योटोमध्ये त्यांनी चर्च बांधले आणि महारोग्यांसाठी इस्पितळ काढले.

पण १५८७ सालीच हिदेयोशीने परदेशी पाद्र्यांना देश सोडण्याचा हुकूम काढलेला होता; त्याची अंमलबजावणी सैल होती इतकेच. जेझुइट दबकून वागत, फ्रान्सिस्कन उघडपणे उपदेश करीत. १५९६च्या ऑक्टोबरात 'सान फेलिपे' नावाचे स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्याला लागून फुटले. त्यावरचा माल हिदेयोशीच्या माणसांनी जप्त केला. त्यावेळी म्हणे गलबताच्या सुकाणूवाल्याने जगाचा नकाशा दाखवून बढाई मारली, की आमचा राजा आधी पाद्री पाठवितो आणि मागाहून फौज. हे तो खरोखर बोलला की नाही यावर स्पॅनिश आणि पोर्तुगीज, फ्रान्सिस्कन आणि जेझुइट पुढे कितीतरी वर्षे भांडत राहिले. व्हायचे ते झाले. धरपकड झाली. क्योटोत कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढली, आणि ऐन हिवाळ्यात त्यांना नागासाकीपर्यंत चालवीत नेले. वाटेत आणखी दोघांची भर पडून ते सव्वीस झाले: सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेझुइट आणि सतरा जपानी प्रापंचिक. सर्वांत धाकटा अवघा बारा वर्षांचा होता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर त्यांना क्रुसांवर चढवून भाल्यांनी भोसकले.

सव्वीस माणसांचा मृत्यू झाला यात शंका नाही. नागासाकीतच असलेल्या लुईस फ्रोईस नावाच्या वृद्ध जेझुइट लेखकाने पुढच्याच महिन्यात त्याची हकीकत लिहून काढली आणि त्याच वर्षी तोही वारला. पण खटल्यातला खरा प्रश्न निराळाच होता. रक्तसाक्षी ठरण्यासाठी नुसते मरून भागत नाही. मारणाऱ्याने श्रद्धेच्या द्वेषाने मारले हे सिद्ध व्हावे लागते. आणि येथे तर दोन अर्थ संभवतात. हिदेयोशीने या माणसांना धर्मासाठी मारले, की परकीय राजाचे हेर समजून? सैतानाच्या वकिलाला याहून चांगला मुद्दा कोणता मिळणार? दुसऱ्या बाजूला शिक्षेच्या हुकुमाचा आधार होता. हे लोक वकील म्हणून आले आणि मी बंदी घातलेल्या धर्माचा प्रचार करीत राहिले, असा त्याचा आशय होता. शिवाय साक्षींतून दिसत होते, की मरणाऱ्यांच्या मनात तरी काही शंका नव्हती. इतिहासाचा माणूस म्हणून मला वाटते की दोन्ही कारणे खरी होती. हिदेयोशीच्या मनात राजकारण आणि धर्म हे निरनिराळे खण नव्हतेच. आपल्याकडेही ते त्या काळी कोठे होते? पण हिदेयोशी काय समजत होता हा एक प्रश्न, आणि तो बारा वर्षांचा पोर कशासाठी मेला हा दुसरा. न्यायालयाने दोन्हींची दखल घेतली, आणि भर दुसऱ्यावर दिला.

१६२७ साली आठवा अर्बन याने सव्वीस जणांना धन्य ठरविले. पण कसे? तेवीस जणांच्या स्मरणाची परवानगी फ्रान्सिस्कनांना आणि तीन जणांची जेझुइटांना, अशी वेगवेगळी! एकाच टेकडीवर, एकाच सकाळी मेलेल्या माणसांची वाटणी संघांच्या हिशेबाने झाली. आणि त्यानंतर २३५ वर्षे काहीही हालचाल नाही. जपानने दारे लावून घेतली होती. तेथे ख्रिस्ती असणे हाच गुन्हा होता. इकडे १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज गेले, किल्ल्यातली मोठमोठी चर्चे ओस पडली, पण आसपासच्या गावांतले ख्रिस्ती लोक आपली मराठी बोली आणि आपला धर्म घेऊन तेथेच राहिले.

मग १८६२ सालीच घोडे कसे काय पुढे आले? चमत्कारांचे कागद आपल्या जागी असतील. पण जगाकडेही पाहा. १८५९ साली नागासाकी बंदर परदेशीयांना खुले झाले होते. आणि रोममध्ये पोप नववा पायस याच्या राज्याचा बहुतेक मुलूख नव्या इटलीने गिळला होता. अशा वेळी ८ जून १८६२ रोजी शेकडो बिशपांना रोमला बोलावून सव्वीस रक्तसाक्षींना संत म्हणून जाहीर करणे, हा श्रद्धेचा सोहळा तर होताच, पण 'आमचे राज्य या जगापुरते नाही' असा निरोपही होता. संतपण देवाचे असेल. संतपदाचे पंचांग मात्र माणसेच मांडतात, आणि मांडताना खिडकीबाहेर पाहतात.

पण पुढे जे घडले ते कोणाच्याच हिशेबात नव्हते. नागासाकीत फ्रेंच पाद्र्यांनी या सव्वीस जणांच्या नावाने ओउरा येथे चर्च बांधले. १७ मार्च १८६५ रोजी उराकामी गावचे काही शेतकरी त्या चर्चच्या दाराशी येऊन उभे राहिले. त्यांतल्या एका बाईने फादर पतीज्याँ यांच्या जवळ जाऊन हळूच सांगितले, की आमचे मन तेच आहे जे तुमचे आहे. मारिया मातेची मूर्ती कोठे आहे? दोनशेहून अधिक वर्षे एकही पाद्री नसताना त्यांनी पिढ्यान् पिढ्या आपला धर्म घरात लपवून जपला होता! रोमच्या कचेरीत दप्तर धूळ खात पडले होते, तेव्हा खरी साक्ष त्या झोपड्यांतून चालूच होती.

आता दुसरे प्रकरण गोव्याचे. जोसेफ वाझ १६५१ साली बाणावली येथे जन्मले. ते पाद्री झाले, पण युरोपीय संघांत एतद्देशीयांना त्या काळी सहसा थारा नसे. म्हणून गोव्याच्या देशी पाद्र्यांनी स्वतःचा ओरेटरी संघ उभारला आणि वाझ त्याचे आधारस्तंभ झाले. सिलोनच्या किनाऱ्यावर तेव्हा डचांचे राज्य होते आणि त्यांनी कॅथॉलिक धर्मावर बंदी घातली होती. १६८७ साली वाझ मजुराच्या वेषात तेथे उतरले. कँडीच्या बौद्ध राजाने प्रथम त्यांना हेर समजून कैदेत टाकले, पुढे ओळख पटल्यावर आश्रय दिला. देवीची साथ आली तेव्हा लोक आजाऱ्यांना टाकून पळाले. वाझ त्यांच्या उशाशी बसले. १७११ साली कँडीतच ते वारले. राजा बौद्ध, किनारा डचांचा, आणि मधल्या रानावनांतून फिरणारा हा गोवेकर फकीर: सत्तेचे पाठबळ असे कोठेच नव्हते.

त्यांच्या मृत्यूनंतर लवकरच कोचीनच्या बिशपांनी चौकशी सुरू केली होती. पण प्रकरण थंडावले. प्रकरण चालवायचे, तर रोममध्ये माणूस हवा, भाषांतरे हवीत, पैसा हवा. बलाढ्य संघाच्या उमेदवारामागे हे सारे असते. गोव्याचा ओरेटरी संघ लहान. त्यातही पोर्तुगीज सरकारने १८३५ साली गोव्यातले सारेच संघ बंद केले. वाझांच्या दप्तराला वाली उरला नाही. अखेर विसाव्या शतकात काम पुन्हा हाती घेतले गेले. गोव्यातल्या एका बाईच्या १९३८ सालच्या अवघड बाळंतपणातील सुटका चमत्कार म्हणून मान्य झाली, आणि २१ जानेवारी १९९५ रोजी पोप दुसरा जॉन पॉल याने कोलंबो येथे त्यांना धन्य ठरविले. दुसऱ्या चमत्काराची अट पोप फ्रान्सिस यांनी माफ केली आणि १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोलाच त्यांना संत घोषित केले. मृत्यूनंतर ३०४ वर्षांनी! याच्याशेजारी मदर तेरेसांचे प्रकरण ठेवून पाहा. १९९७ साली त्या वारल्या, पाच वर्षांची अटही माफ झाली, २००३ साली त्या धन्य आणि २०१६ साली संत. एकोणीस वर्षे. दोघांच्या पुण्यात उणेअधिक पाहणारा मी कोण? पण साऱ्या जगाला ठाऊक असलेले नाव आणि वाली नसलेले नाव यांची वाट सारखी नसते, एवढे मात्र दिसते.

मदर तेरेसांच्या प्रकरणात एक वादही झाला. बंगालमधील एका आदिवासी बाईच्या पोटातली गाठ नाहीशी झाली, तो चमत्कार म्हणून मान्य करण्यात आला. तिच्यावर उपचार केलेल्या डॉक्टरांचे म्हणणे पडले की ती औषधांनीच बरी झाली. असा आक्षेप पूर्वी सैतानाच्या वकिलाने स्वतःच घेतला असता. पण १९८३ साली दुसरा जॉन पॉल याने सारी पद्धत बदलली. ते पद राहिले, मात्र त्याची फिर्यादी वकिलाची भूमिका संपली. खटल्याऐवजी इतिहाससंशोधनासारखी पद्धत आली. विरोधी साक्षी अजूनही घेतात; मदर तेरेसांचे कडवे टीकाकार इंग्रज लेखक ख्रिस्तोफर हिचेन्स यांनाही साक्षीला बोलाविले होते. पण विरोध करणे हेच ज्याचे कर्तव्य, असा माणूस आता तेथे बसत नाही. एकट्या दुसऱ्या जॉन पॉलने ४८२ जणांना संत घोषित केले. काही म्हणतात, दार उघडले हे बरे झाले. आशिया-आफ्रिकेतली साधी माणसे आत येऊ शकली. काही म्हणतात, वकील गेला आणि कसही गेला. मला दोन्हींत तथ्य दिसते, पण माझा ओढा वकिलाकडे आहे हे कबूल करतो. ज्याच्याविरुद्ध बोलण्यासाठी पगारी माणूस ठेवला आणि तरीही जो टिकला, त्याच्या नावाला वेगळे वजन येते. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी या प्रकरणांच्या खर्चावर देखरेखीचे नियम घातले, हे मात्र योग्यच झाले. पैशावाचून कोणाचे पुण्य अडून राहू नये.

तर श्रोतेहो, या खटल्याने मिळविले काय? भाविकाचे उत्तर भाविकाने द्यावे. मी इतिहासाच्या बाजूने एक सांगतो. सोळाव्या शतकात पूर्वेच्या समुद्रावर किती दुभाष्ये, किती खलाशी, किती छोटे व्यापारी वावरले असतील! राजांचे तह त्यांच्या तोंडून झाले आणि कागदावर नावे मात्र राजांचीच राहिली. गोन्सालोही त्यांतलाच एक. ना धड पोर्तुगीज, ना पाद्री, ना सरदार. पण त्याच्यासाठी एक खटला उभा राहिला, म्हणून तो कोठे जन्मला, कोठे शिकला, काय विकले आणि कोणत्या टेकडीवर मेला हे आज आपल्याला सांगता येते. त्याच्याबरोबरच्या सतरा जपानी प्रापंचिकांचीही नावे त्याच दप्तरात राहिली. त्यांची नावे एरवी कोणत्या बखरीत आली असती?

१९६२ साली, संतपदाच्या शताब्दीला, नागासाकीच्या त्या टेकडीवर सव्वीस जणांचे स्मारक उभे राहिले. रांगेतल्या त्या मूर्तींत एक वसईकर आहे. इकडे वसईत गास गावचे चर्च त्याच्या नावाचे, एक कॉलेजही त्याच्या नावाचे. कॅथॉलिक पंचांगात मात्र ६ फेब्रुवारीला नोंद असते ती 'पॉल मिकी आणि सहकारी' अशी. आपला माणूस 'आणि सहकारी' यांत आहे! दुभाष्याचे नशीब म्हणतात ते हेच असावे.

पुढच्या तासाला मी त्या मुलाला उत्तर दिले. म्हटले, "बाळ, मधल्या २६५ वर्षांत तो कोण होता हे रोमच्या कचेरीला विचारू नकोस. तिला त्याचा खटला चालवायचा होता, आणि खटल्याला वेळ लागतो. कधी पुराव्यासाठी, कधी जगाच्या लहरीसाठी. तू आपल्या आजीला विचार." तो म्हणाला, "सर, आजीला १८६२ साल ठाऊकच नाही. ती त्याला 'आमचा गोन्सालो' म्हणते."

वर्ग पुन्हा हसला. पण मला वाटते, उत्तर त्याच्यापाशी आधीपासूनच होते.